त्रेसष्ट कुत्री, त्रेसष्ट पाकिटं

३ तारीख, मंगळवार

आज मला कळलं की मला माझं काम येत नाही. बावीस वर्षं करतेय ते काम.

सकाळी दवाखान्यात पाऊल टाकते न टाकते तोच डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढे सरकवला. या थोरल्या डॉक्टरांच्या सूनबाई. थोरले गेल्या वर्षी थकून घरी बसले, तेव्हापासून जनावरांचा हा दवाखाना त्या बघतात. "मावशी, रागावू नका हं," म्हणाल्या. रागावू नका म्हटलं की मी तिथल्या तिथे रागावते, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून कुत्र्यामांजरांच्या अंगात चिप घालायची, तर एक तर डॉक्टर असायला हवं, नाहीतर प्रमाणपत्र हवं. दोन दिवसांचा वर्ग. लेखी परीक्षा. मग दहा जनावरांच्या चिपा स्कॅनरने वाचून त्यांची नोंद, आणि शेवटी देखरेखीखाली पाच जनावरांना प्रत्यक्ष चिप घालून दाखवायची. खाली ठळक अक्षरांत: पूर्वानुभव कितीही असला तरी सूट नाही.

काय असतं हो त्यात? तांदळाच्या दाण्याएवढी चिप. जाड सुईने मानेमागे कातडीखाली ढकलायची, बोट दाबून धरायचं, झालं. चिपेत एक नंबर, तो नंबर नोंदणीत मालकाच्या फोनसमोर. जनावर हरवलं, कुणी स्कॅनर फिरवला, नंबर दिसला, मालकाला फोन गेला. मी हे एका हाताने करते आणि दुसऱ्या हाताने कुत्र्याचं तोंड धरते. डॉक्टरीणबाईंना अजून मांजर नीट धरता येत नाही. पण त्यांना सूट, आणि मला परीक्षा!

वर्ग कुठे, तर नदीपलीकडच्या जनावरांच्या आसऱ्यात. शिकवणार कोण, तर छत्री. म्हणजे आसऱ्यातली ती बाई; कायम हातात छत्री, म्हणून हे नाव मी ठेवलेलं.

मी कागद चुरगाळला. मग परत सरळ केला, कारण त्यावर डॉक्टरीणबाईंची सही होती.

४ तारीख, बुधवार

ताईला सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जा, शीक, ये परत. त्यात काय एवढं?"

"तिच्याकडून शिकू? त्या बाईकडून?"

"तीन वर्षं झाली गं."

ताईचा हा स्वभाव मला कधी कळला नाही. तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत लोकांच्या शिव्या ऐकून घेतल्या, त्याने माणूस असं होत असेल. आम्ही दोघीच राहतो. तिघं होतो. तिसरा भोपू. जुन्या मोटारीच्या भोंग्यासारखा भुंकायचा म्हणून भोपू. ताईचा कुत्रा, म्हणजे शब्दशः ताईचा. मी वाढलं तर वास घेऊन तिच्याकडे बघायचा, हिने काय घातलंय यात, अशा नजरेने.

शेवटी शेवटी त्याला ऐकू येत नव्हतं. सिलिंडरवाल्याने फाटक उघडं टाकलं आणि तो गेला. ताई बारा दिवस वणवण फिरली. बाराव्या दिवशी आसऱ्याच्या वहीत त्याचा फोटो सापडला. गाडीखाली येऊन कंबरेचं हाड मोडलेलं, म्हातारा, कोणी मालक आला नाही. सात दिवस ठेवला आणि आठव्या दिवशी इंजेक्शन देऊन झोपवला.

कोणी मालक आला नाही! त्याच्या मानेत चिप होती. माझ्या हाताने घातलेली. म्हणून तर मी ताईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिकडे आसऱ्यात जायची गरजच नाही, चिप आहे, त्यांचाच फोन येईल. त्यांनी स्कॅनर फिरवलाच नाही. फिरवला असता तर अर्ध्या तासात ताई तिथे पोचली असती. वाचला नसता कदाचित, पण तिचा हात तरी अंगावर असता.

आणि छत्रीने ताईला तोंडावर सांगितलं, "आम्ही वाचला होता नंबर. तो तुमचा नव्हता." मी घातलेली चिप दुसऱ्याचा नंबर सांगते होय? चार दिवसांनी ती दवाखान्यात आली होती, काखेत फाइल घेऊन. मी तिला पायरी चढू दिली नाही. त्या दिवशी ताईलाही बजावलं, या बाईशी शब्दही बोलायचा नाही. ताई बोललेली नाही.

भोपूचा पट्टा अजून दारामागच्या खिळ्याला आहे. दार लावलं की वाजतो.

९ तारीख, सोमवार

पहिला वर्ग. आम्ही सहा जण. कुत्र्यांचे केस कापणारी एक पोरगी, प्राण्यांचं खाणं विकणारा एक जाडजूड दुकानदार, बाकीचे असेच. दुकानदाराने सुईची जाडी बघितली आणि खुर्चीवरून खाली. पाणी मारलं तेव्हा डोळे उघडले. हा माझ्याबरोबर प्रमाणपत्र घेणार.

छत्री तशीच आहे. काटकुळी, ऊन असो नसो, हातात काळी छत्री. तिने मला ओळखलं. "या," म्हणाली. एवढंच. मी शेवटच्या बाकावर बसले, दारापाशी.

सगळा दिवस एकच पालुपद. तीनदा वाचा. आधी जनावर वाचा, त्याच्या अंगात आधीच चिप असू शकते. मग पाकिटातली सुई वाचा. मग चिप घातल्यावर पुन्हा जनावर वाचा, आणि तो आकडा बघूनच स्टिकर लावा. मी विचारलं, "एका कुत्र्याला तीनदा? रांगेत साठ असतील तर?"

"तर एकशेऐंशी वेळा," छत्री म्हणाली. पोरगी हसली. मला हसू आलं नाही.

आमच्या दवाखान्यात एकच स्कॅनर आहे. तो कपाटात असतो आणि त्याचे सेल कायम उतरलेले. थोरले डॉक्टर म्हणायचे, बोटाला दाणा लागला की चिप बसली. माझ्या बोटाला लागतो. आणि स्कॅनरवाल्यांचं कौतुक मला नको. यांच्याच आसऱ्यातून एकदा दवाखान्यात फोन आला होता. त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं, घरी ताई दोन दिवस जेवली नव्हती. पलीकडची बाई म्हणते, तुमच्या दवाखान्याच्या नावावरचा कुत्रा इथे आमच्याकडे पडलाय. आमची दवाखान्यातली पाळलेली कुत्री तर माझ्या पायाशी घोरत होती! मी म्हटलं, आमची कुत्री इथे आहे. ती म्हणते, नाही, हा नर आहे. म्हटलं, नर की मादी हे कळत नाही आणि स्कॅनर घेऊन बसता? पुढे बोलूच दिलं नाही. अस्सा फोन आपटला की पुन्हा कधी यांची हिंमत झाली नाही. वर्गात हे सांगणार होते, पण दुकानदार दुसऱ्यांदा पडला.

१० तारीख, मंगळवार

आज पूर्वानुभवाची नोंद दाखवायची होती. मी शिबिराचं रजिस्टर घेऊन गेले. बघू दे म्हटलं जरा.

पाच वर्षांपूर्वी खेळाच्या मैदानावर शिबिर झालं होतं. एका सकाळी त्रेसष्ट कुत्री, मी एकटीने. थोरले डॉक्टर नुसते लस टोचत होते. एवढं उरकलं, कारण आदल्या संध्याकाळी माझी तयारी चोख होती. प्रत्येक पाकिटात सुईबरोबर नंबरचे स्टिकर येतात. मी सगळी पाकिटं उघडून स्टिकर काढले, एकेक मालकाच्या पुस्तिकेत आणि रजिस्टरमध्ये टोकनच्या क्रमाने चिकटवून टाकले, आणि पाकिटं त्याच क्रमाने ट्रेमध्ये उभी लावली. सकाळी पुढचा कुत्रा, पुढचं पाकीट. लिहिणं नाही, शोधणं नाही. थोरले डॉक्टर म्हणाले होते, तुझ्यासारखी माणसं मिळायला भाग्य लागतं. हे वाक्य मी वर्गात सांगितलं.

छत्रीने पानं उलटली. फार वेळ उलटत राहिली. मग विचारलं, "सतरा नंबरपुढे ही फुली कसली?"

तो किस्सा मजेदार आहे, म्हणून मी सगळ्यांनाच ऐकवला. सतरा नंबर म्हणजे एक धिप्पाड कुत्रा. सुई बघताच पट्टा तोडून पळाला, मालक त्याच्यामागे, मालकाची चप्पल मैदानातच. रांग थांबवते कशाला? मी अठराला बोलावलं आणि काम चालू ठेवलं. सतरा नंबर दीड तासाने परत आला, तेव्हा सगळ्यांत शेवटी त्याला घेतलं. ट्रेमध्ये एक पाकीट उरलं नाही आणि रांगेत एक कुत्रा उरला नाही. त्रेसष्टला त्रेसष्ट.

सगळे हसले. छत्री हसली नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. जळते, दुसरं काय. तिच्याकडे सहा माणसं दिमतीला आहेत आणि दिवसाला दहा कुत्री होत नाहीत.

निघताना म्हणाली, "दहा जनावरं वाचून आणायची आहेत ना, ती या शिबिरातलीच आणा. सतराच्या पुढची. तुमच्या दवाखान्यातली कुत्रीसुद्धा चालेल."

आता जनावरंसुद्धा हीच निवडणार!

१४ तारीख, शनिवार

लेखी परीक्षा. चाळीसपैकी अडतीस, वर्गात पहिली. दुकानदार पास झाला हे मात्र जगातलं आश्चर्य.

चुकलेला प्रश्न: वाचलेला नंबर नोंदीशी जुळला नाही तर काय कराल? मी लिहिलं, स्कॅनर बदलेन. छत्रीने लाल पेनने त्याच्याखाली नुसती रेघ मारली आहे. बरोबर उत्तर काय ते लिहायचे कष्ट घेतले नाहीत.

१७ तारीख, मंगळवार

नवे सेल घालून दवाखान्यातल्या कुत्रीवर स्कॅनर फिरवला. रजिस्टरमध्ये तिच्या नंबराचे शेवटचे आकडे ५१७. स्कॅनर म्हणतो २०९. सेल बदलले. २०९. स्कॅनर आपटला, म्हणजे हलकेच आपटला. २०९.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, रजिस्टर चुकलं असेल." मी म्हटलं, "तुम्ही लग्न होऊन या घरात आलात त्याच्या आधीपासून ते रजिस्टर आहे." हे बोलायला नको होतं. पण बोलले.

१८ तारीख, बुधवार

समोरचा न्हावी कुत्रा घेऊन आला, टोकन सव्वीस. नंबर जुळत नाही. मग भाजीवालीची कुत्री, टोकन तीस. जुळत नाही. खराब स्कॅनर असेल तर काहीतरी आचरट आकडे दाखवेल. हा अगदी व्यवस्थित, पंधराच्या पंधरा आकडे दाखवतो, तेही दोन्ही वेळा तेच.

पोस्टमनची आठवण झाली, त्याचा कुत्राही शिबिरातलाच. मागे बदली होऊन जाताना त्याने सांगितलं होतं, मावशी, तिकडच्या डॉक्टरला माझ्या कुत्र्याचा नंबर वेगळाच दिसला. मी म्हटलं होतं, तिकडचे डॉक्टर तसलेच.

जेवले नाही. ताईने विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

२० तारीख, शुक्रवार

२०९ सापडला. रजिस्टरमध्येच होता. टोकन अडतीस.

दवाखान्यातली कुत्री एकोणचाळीस, आणि तिच्या अंगात अडतीसचा नंबर. न्हाव्याच्या सव्विसाव्या कुत्र्यात पंचविसाचा. भाजीवालीच्या तिसाव्या कुत्रीत एकोणतिसाचा. मी बोट ठेवून खाली खाली वाचत गेले आणि मग वर वर, फुलीपर्यंत.

सतरा नंबर पळाला. मी अठराला बोलावलं आणि ट्रेमधलं पुढचं पाकीट उचललं. पुढचं पाकीट सतराचं होतं. तिथून प्रत्येकाला आपल्या आधीच्याचं. शेवटचं पाकीट, त्रेसष्टचं, परत आलेल्या सतराला. म्हणून एकही उरलं नाही. माझा हिशोब चुकला असता, एक जरी पाकीट उरलं असतं, तरी मला कळलं असतं. सत्तेचाळीस कुत्री.

त्या दिवशी मी टेबलापाशी होते, म्हणून दोन्ही कुत्री घेऊन रांगेत ताई उभी होती. पुढे दवाखान्यातली. तिच्यामागे भोपू, टोकन चाळीस.

भोपूच्या मानेत दवाखान्याचा नंबर होता. नंबरासमोर दवाखान्याचा फोन होता. फोन मी उचलला होता.

२१ तारीख, शनिवार

छत्रीकडे गेले. वर्ग नव्हता. ती पिंजरे धूत होती, छत्री खिडकीला अडकवलेली. मी म्हटलं, "ती फाइल."

तिने हात पुसले आणि तीन वर्षांपूर्वीची वही काढली. सरळ, स्वच्छ अक्षर. नर, तपकिरी, म्हातारा, कंबर मोडलेली, चिप आहे. नोंदणीतल्या नंबरवर फोन केला, सकाळी सव्वाअकरा. दवाखाना. बाईंनी उचलला. कुत्री आमच्याकडेच आहे म्हणाल्या. फोन ठेवला. दुपारी पुन्हा केला. उचलून ठेवून दिला.

दुपारचा मला आठवतही नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"फोन कुणी उचलला ते माहीत होतं. तेच सांगायला आले होते, तुम्ही वर येऊ दिलं नाहीत. तुमच्या ताईंना निरोप पाठवले, उत्तर नाही. पण नंबर तुमच्या दवाखान्याचा कसा निघाला ते मलाही कळत नव्हतं. त्या दिवशी वर्गात तुम्ही सतरा नंबरची गंमत सांगितलीत, तेव्हा कळलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मानलं असतंत?"

मी आल्या पावली परत फिरले. नदीवरच्या पुलावर थांबले आणि रडले, चारचौघांत, लोक बघत असताना. आमचा कुत्रा हरवून दोन दिवस झाले होते. आसऱ्यातून मला एका नर कुत्र्याबद्दल फोन आला. आणि मी तिला अक्कल शिकवली. चुकीचा नंबर एक वेळ समजू शकते. तिने तोंडाने सांगितलं होतं, हा नर आहे. आणखी एक वाक्य ऐकलं असतं तर तपकिरी म्हणाली असती.

२२ तारीख, रविवार

ताईला सांगितलं नाही.

थोरल्या डॉक्टरांचा राग आला. स्कॅनर कपाटात ठेवणारे तेच, बोटाला दाणा लागला की झालं म्हणणारे तेच. सतरा नंबरच्या कुत्र्याचा राग आला. त्याच्या मालकाचा, पट्टा जुना वापरला म्हणून. सिलिंडरवाल्याचा तर नेहमीचाच. दुपारपर्यंत सगळे संपले आणि मी एकटी उरले.

ताई कुंड्यांना पाणी घालत होती. म्हणाली, "दोन दिवस तू कुणाला शिव्या दिल्या नाहीस. बरी आहेस ना?"

२५ तारीख, बुधवार

सकाळी आसऱ्यातली सात जनावरं वाचून दहाची नोंद पुरी केली, मग छत्रीच्या देखरेखीखाली पाच जनावरांना चिपा घातल्या. तीन कुत्री, दोन मांजरं. पंधरा वेळा वाचलं, सोळाव्यांदाही वाचलं. एकाही जनावराने तोंड वर केलं नाही. हात चांगलाच आहे माझा, त्याचं काय करू.

मला वाटलं होतं ती सही करणार नाही. मीच म्हटलं, करू नका. ती म्हणाली, "परीक्षा यापुढे नीट येतं का याची असते. ते येतं." आणि सही केली. मग सत्तेचाळीस नावांची यादी माझ्यापुढे ठेवली. पोस्टमनला पत्र जाईल. सव्वीस आणि तीस दुरुस्त केले, दवाखान्यातली केली. चाळीसपुढे तिने काहीच लिहिलं नव्हतं, जागा मोकळी सोडली होती. बाकीच्यांच्या दारोदार मी स्कॅनर घेऊन जाणार आहे आणि प्रत्येकाला सांगणार आहे की चूक माझी. डॉक्टरीणबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, पहिल्या दहा घरी मी येते बरोबर.

घरी आले. दार लावलं, पट्टा वाजला. ताई वर्तमानपत्र वाचत होती. मी बसलेसुद्धा नाही, उभ्याउभ्याच सांगितलं. स्टिकर, फुली, पाकिटं, सगळं. ती कुणाला मध्येच तोडत नाही.

मग तिने विचारलं, "फोन तू उचललास?"

"हो."

"काय म्हणाली ती?"

"हा नर आहे, म्हणाली."

"आणि तू?"

मी सांगितलं. आपटलेल्या फोनचंही सांगितलं. दुपारच्या फोनचंही.

ताईने वर्तमानपत्राची घडी घातली. उठली, पट्टा खिळ्यावरून काढून हातात घेतला आणि पायांत चपला घातल्या. मी म्हटलं, "ताई, मला बोल. वाट्टेल ते बोल. मी म्हणजे—"

"तू गप्प बस." ताईने मला उभ्या जन्मात गप्प बस म्हटलेलं नाही. "त्या बाईने तीनदा निरोप पाठवला, मला भेटा म्हणून. तू नको म्हणालीस म्हणून मी गेले नाही. त्याचे शेवटचे सात दिवस कसे गेले, ते तिला माहीत होतं आणि मला विचारता आलं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण पट्ट्याची कडी हातात वाजत होती. "तीन वर्षं माझ्या वाटणीचा रागही तूच केलास. आता माझा मला करू दे."

दार उघडून ती गेली. नदीच्या दिशेने गेली, खिडकीतून दिसलं. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळचे सहा वाजलेत. फोन शेजारी घेऊन बसले आहे. वाजला तर पलीकडचं बोलणं संपेपर्यंत मी तोंड उघडणार नाही.